बायबल आणि कुराण : एकाच मापाने मोजावेत का?

प्रश्न : आमच्या शाळेतील एक सहकारी शिक्षिका ख्रिस्ती आहेत आणि आमच्या घराशेजारचे कुटुंब मुस्लिम आहे. दोन्ही घरांशी आमचे वर्षानुवर्षांचे येणे-जाणे आहे. बाईंच्या बायबलात जागोजागी लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, समासात टिपणे आहेत, मागच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखाही लिहिलेल्या आहेत. हे पुस्तक कोणी लिहिले असे विचारले, तेव्हा त्यांनी "मत्तयाने, लूकने, पौलाने" असे सहज सांगितले. शेजारच्या घरी कुराण रेशमी कापडात गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेले असते आणि वजू (हात-तोंड-पाय धुण्याची शुद्धी) केल्याखेरीज त्याला कोणी हात लावत नाही. तोच प्रश्न तिथल्या आजोबांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, "ते कोणी लिहिलेले नाही, ते उतरलेले आहे." दोघेही आपापल्या ग्रंथाला देवाचे वचन म्हणतात, मग वागण्यात एवढा फरक का? ख्रिस्ती लोकांची आपल्या ग्रंथावरील श्रद्धा कमी आहे असे समजावे का?
— एक शिक्षक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो. तसे मुळीच समजू नये. ज्या पुस्तकाच्या समासात टिपणे आहेत आणि ज्याच्या पानावर लेकरांच्या जन्माची नोंद आहे, ते पुस्तक त्या घराच्या रोजच्या जगण्यात मुरलेले आहे. आणि जे कापडात गुंडाळून वर ठेवलेले आहे, ते नुसते पूजेला ठेवलेले नाही, त्यातील कितीतरी आयती (वचने) त्या आजोबांना तोंडपाठ असतील आणि दिवसातून पाच वेळा त्यांच्या ओठांवर येत असतील. श्रद्धेचे प्रमाण दोन्हीकडे सारखे असू शकते. देवाचे वचन माणसापर्यंत कोणत्या रूपाने पोचले, याविषयी या दोन धर्मांचे मूळ म्हणणेच वेगळे आहे, आणि आपल्याला दिसलेला फरक तिथून निघालेला आहे.

धर्मांची तुलना करताना आपण बहुधा एक तक्ता डोळ्यांपुढे ठेवतो : एका रकान्यात ख्रिस्ती, येशू, बायबल, दुसऱ्या रकान्यात मुसलमान, मुहम्मद पैगंबर, कुराण. संस्थापकासमोर संस्थापक, ग्रंथासमोर ग्रंथ. हा तक्ता सोयीचा आहे, पण तो चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाचे वचन मनुष्यरूपाने आले. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूविषयीच्या वृत्तान्ताच्या, पहिल्याच अध्यायात "शब्द देही झाला" असे म्हटले आहे, आणि तो देही झालेला शब्द म्हणजे येशू ख्रिस्त. बायबल हे त्या येण्याची पूर्वतयारी सांगणारे आणि त्या येण्याची साक्ष देणारे लिखाण आहे. इस्लामी श्रद्धेनुसार देवाचे वचन पठणाच्या रूपाने आले, इ.स. 610 पासून 632 पर्यंत, सुमारे 23 वर्षे, जिब्रील या देवदूतामार्फत ते मुहम्मद पैगंबरांवर थोडेथोडे उतरत गेले, आणि पैगंबरांनी ते जसेच्या तसे लोकांना ऐकवले. म्हणजे ख्रिस्ती धर्मात जी जागा खुद्द ख्रिस्ताची आहे, ती इस्लाममध्ये कुराणाची आहे. आपल्या शेजारच्या आजोबांचा कुराणाविषयीचा आदर समजून घ्यायचा असेल, तर तो बाईंच्या बायबलाशेजारी ठेवून पाहू नये; बाई प्रभुभोजनाच्या (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीच्या) वेळी भाकर हातात घेताना ज्या भावनेने मान लववतात, त्या भावनेशेजारी ठेवून पाहावा.

दोन्ही ग्रंथ उघडून पाहिले की हे आपोआप दिसू लागते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल, हा आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक, आपण कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला हे सांगत आहे. दोन नावे सांगून झाल्यावर त्याला स्तेफनाच्या घराण्याची आठवण होते, तीही तो जोडतो, आणि पुढे म्हणतो की याशिवाय आणखी कोणाचा केला असल्यास मला आठवत नाही. त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी सल्ला देताना, ही आज्ञा प्रभूची आहे आणि पुढचे म्हणणे माझे आहे, प्रभूचे नव्हे, असा भेद तो स्वतःच करतो. लूक तर आरंभीच सांगतो की पुष्कळ जणांनी हा वृत्तान्त लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, म्हणून मीही मुळापासून सर्व शोध घेऊन तो क्रमवार लिहीत आहे. शोध घेणारा, आठवणारा, विसरणारा माणूस या ग्रंथात उघडपणे उभा आहे. देवाने या माणसांना प्रेरणा दिली, पण त्यांची स्मृती, भाषा आणि स्वभाव पुसून टाकले नाहीत, असे ख्रिस्ती परंपरा मानते, आणि त्यात तिला कमीपणा वाटत नाही.

कुराणात असा लेखक कुठेच सापडणार नाही, कारण तिथे पैगंबर ऐकणाऱ्याच्या जागी आहेत. 112 वी सुरा (अध्याय) "सांग, तो अल्लाह एक आहे" अशी सुरू होते. बोलणारा कोणी वेगळा आहे आणि ऐकून सांगणारे पैगंबर आहेत. 80 व्या सुरेचा आरंभ याहून बोलका आहे. पैगंबर मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलत असताना एक अंध मनुष्य काही विचारायला आला आणि पैगंबरांच्या कपाळावर आठी उमटली, अशी घटना परंपरेने सांगितली आहे. त्या आठीबद्दल पैगंबरांनाच समज देणारे शब्द त्या सुरेत आहेत, आणि गेली चौदा शतके मुसलमान ते शब्द नमाजात म्हणत आले आहेत. स्वतःच्या मनाने ग्रंथ रचणारा मनुष्य स्वतःविरुद्धचा ठपका त्यात कायमचा का नोंदवील, असा युक्तिवाद मुस्लिम विद्वान या सुरेवरून करतात. तो पटो वा न पटो, आजोबांच्या "उतरलेले आहे" या उत्तरामागे काय आहे ते यावरून कळते.

ही तुलना मी केवळ सोयीसाठी मांडत नाही. इतिहासानेच ती पुढे आणली आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने असे मांडले की पुत्र, म्हणजे ख्रिस्तरूपी शब्द, देवाने निर्माण केलेला आहे. तो नव्हता असा एक काळ होता. त्यावर ख्रिस्ती जगात एवढे वादळ उठले की सम्राट कॉन्स्टन्टाइनने इ.स. 325 मध्ये निकिया येथे बिशपांची परिषद बोलावली, आणि पुत्र हा निर्माण केलेला नसून पित्याशी एकतत्त्व आहे असे श्रद्धावचन तिथे ठरले. याच्या सुमारे पाचशे वर्षांनंतर बगदादमध्ये जवळजवळ हाच प्रश्न विचारला गेला, पण तो कुराणाविषयी होता : कुराण निर्माण केलेले आहे, की ते अल्लाहचे अनादी वचन आहे? मुअतझिला पंथाच्या विद्वानांना ते निर्मित वाटत होते, कारण अल्लाहखेरीज दुसरे काही अनादी मानले तर त्याच्या एकत्वाला बाध येतो अशी त्यांची भूमिका होती. खलिफा अल-मामून याने इ.स. 833 मध्ये हे मत सक्तीचे केले आणि काझी व आलिमांच्या (धर्मपंडितांच्या) जबान्या घेतल्या. इमाम अहमद इब्न हंबल यांनी ते मान्य केले नाही. त्यांना तुरुंगात टाकले गेले, पुढच्या खलिफाच्या काळात त्यांच्यावर चाबूक ओढले गेले, तरी ते ढळले नाहीत. अखेर सुन्नी जगाने त्यांच्याच बाजूने कौल दिला. देवाचे वचन अनादी की निर्मित, हा प्रश्न दोन्ही समाजांनी जीव पणाला लावून सोडवला. एकाने तो एका व्यक्तीविषयी सोडवला आणि दुसऱ्याने एका ग्रंथाविषयी. या दोन वादांचे साम्य जितके लक्षात घ्यावे तितके मला या विषयाचे मर्म तिथेच आहे असे वाटत राहते.

भाषांतराचा प्रश्नही इथेच सुटतो. येशू अरामी भाषा बोलत, आणि त्यांची शिकवण सांगणारी शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे ख्रिस्ती ग्रंथाचा पायाच एका अर्थाने भाषांतरावर आहे. म्हणून ख्रिस्ती धर्म जिथे गेला तिथे त्याने प्रथम त्या लोकांच्या भाषेचा अभ्यास केला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापले, बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नवा करार (बायबलाचा येशूपासूनचा भाग) मराठीत आणला, आणि पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याच्या अखेरीपर्यंत हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, कारण खेड्यातील बाईला ते कळले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. कोल्हापुरात 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले. तेव्हापासून इथल्या उपासना मराठीतच होत आल्या आहेत, आणि मराठीत वाचलेले बायबल मूळ बायबलापेक्षा कमी प्रतीचे आहे असे कोणी मानत नाही.

मुसलमानही कुराणाचे अर्थ आपल्या भाषेत वाचतात. शाह अब्दुल कादिर यांचे उर्दू भाषांतर अठराव्या शतकाच्या शेवटी झाले, आणि आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे केले तसेच कुराणाचे मराठी भाषांतर व्हावे म्हणूनही पैसा खर्च केला, हे कोल्हापूरकरांनी अभिमानाने सांगावे असे आहे. परंतु नमाजात पठण अरबीतच होते, आणि भाषांतराला कुराण न म्हणता त्याचा अर्थ म्हटले जाते. अर्थ कळत नसतानाही रमजानच्या रात्री तरावीहमध्ये (विशेष नमाजात) हाफिजाच्या (कुराण तोंडपाठ असणाऱ्याच्या) तोंडून संपूर्ण कुराण ऐकणाऱ्या माणसाला आपण काही गमावले असे वाटत नाही, कारण ते उच्चारलेले शब्दच त्याच्या दृष्टीने देवाचे शब्द आहेत. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. वेद अपौरुषेय मानून त्यांचा स्वरसुद्धा ढळू न देण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी जुळवून ग्रंथ सिद्ध केला, अशीही परंपरा आपल्याकडेच आहे. कुराणाविषयीची वृत्ती पहिल्या परंपरेला जवळची आहे आणि शुभवर्तमानांविषयीची दुसरीला, एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ उलगडा होतो. अर्थात हे साम्य वृत्तीपुरतेच आहे, सिद्धान्तापुरते नाही.

इथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. सर्व ख्रिस्ती लोक एकाच रीतीने बायबल वाचतात असे नाही. कॅथलिक परंपरेत ग्रंथासोबत चर्चची परंपरा आणि शिकवणूक यांचे वजन आहे; मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेनंतर प्रोटेस्टंट लोकांनी ग्रंथालाच अंतिम प्रमाण मानले; आणि बायबलात इतिहासाची किंवा विज्ञानाचीही चूक असू शकत नाही असे मानणारा मोठा वर्ग आहे, ज्यातील अनेक विद्वानांनी 1978 मध्ये अमेरिकेत शिकागो येथे त्या अर्थाचे निवेदन प्रसिद्ध केले. आपल्या सहकारी बाई यांपैकी कोणत्या मताच्या आहेत हे मला सांगता येणार नाही. ते त्यांनाच विचारावे. त्या आनंदाने सांगतील, असे त्यांच्या समासातील टिपणांवरून वाटते.

प्रश्न : माझे मुस्लिम मित्र म्हणतात की मूळ तौरात (मोशेचा ग्रंथ) आणि इंजील (येशूचा ग्रंथ) देवाचीच होती, पण पुढे त्यांत फेरफार झाला. ख्रिस्ती मित्र हे साफ नाकारतात. खरे काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : या प्रश्नावर भारतातच एक मोठा जाहीर वाद झाला होता. एप्रिल 1854 मध्ये आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फँडर समोरासमोर बसले. मौलानांनी युरोपातील ख्रिस्ती विद्वानांनीच लिहिलेली चिकित्सक पुस्तके अभ्यासली होती आणि बायबलाच्या हस्तलिखितांत पाठभेद आहेत हे त्यांतूनच दाखवून दिले. पाठभेद आहेत हे फँडर यांनी मान्य केले, मात्र मूळ शिकवणुकीला त्याने धक्का लागत नाही असे ते म्हणत राहिले. सभेतील अनेकांना या कबुलीमुळे मौलाना जिंकले असे वाटले.

त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, 1862 मध्ये, सर सय्यद अहमद खान यांनी बायबलावर भाष्य लिहायला घेतले, आणि त्यात वेगळी बाजू मांडली : कुराणात ग्रंथधारकांवर (ज्यू आणि ख्रिस्ती लोकांवर) जो ठपका आहे तो मुख्यतः अर्थ फिरवल्याबद्दलचा आहे, मजकूर बदलल्याबद्दलचा नाही. म्हणजे आपल्या मित्रांचे मत मुस्लिम परंपरेतील एकमेव मत नाही. अकराव्या शतकातील अंदलुसी (मुस्लिम स्पेनमधील) विद्वान इब्न हझम यांनी मजकूरच बदलला गेला असे कठोरपणे मांडले. इतर कित्येकांनी अर्थातील फेरफारावरच भर दिला. पाचव्या सुरेच्या 47 व्या आयतीत इंजीलच्या अनुयायांनी त्यात उतरवलेल्यानुसार न्याय करावा असे म्हटले आहे, त्यामुळे हा प्रश्न आलिमांनाही सोपा गेलेला नाही.

हस्तलिखिते काय सांगतात ते पाहू. चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या ग्रीक प्रतींत मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची, सर्वांना आवडणारी कथाही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही. आजच्या अनेक छापील बायबलांत तिथे कंस किंवा तळटीप असते. कोणी काही लपवलेले नाही. दुसऱ्या बाजूला, 1947 पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांत यशया संदेष्ट्याचे पुस्तक मिळाले. तेव्हा उपलब्ध असलेल्या हिब्रू प्रतींहून ते सुमारे हजार वर्षे जुने होते, आणि त्यात किरकोळ भेद पुष्कळ असले तरी ग्रंथ तोच होता. कोणी कटकारस्थान करून बायबल बदलले, ही कल्पना या पुराव्यावर टिकत नाही, आणि नकलांच्या ओघात पाठभेद शिरले हेही नाकारता येत नाही.

परंतु या वादात दोन्ही बाजू अनेकदा एकमेकांशी न बोलता एकमेकांच्या शेजारून बोलतात. मुसलमानाच्या मनात इंजील म्हणजे येशूवर, म्हणजे हजरत ईसांवर, कुराणासारखाच उतरलेला एक ग्रंथ आहे. असा ग्रंथ येशूंना मिळाला होता असे ख्रिस्ती लोकांनी कधी म्हटलेलेच नाही. त्यांच्या दृष्टीने मत्तय, मार्क, लूक, योहान ही येशूंविषयीची चार शुभवर्तमाने आहेत. एकाच जीवनाच्या चार साक्षी असल्यावर तपशील वेगळे असणार. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सिरियाकडील लेखकाने चारही वृत्तान्त विणून एक सलग वृत्तान्त तयार केला होता, आणि सिरियाई चर्चमध्ये तो बराच काळ वाचलाही जात होता. तरी चर्चने शेवटी चार वेगवेगळीच ठेवली. मुस्लिम समाजाने याच्या उलट निर्णय घेतला. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात, सातव्या शतकाच्या मध्याला, पठणावरून भांडणे होऊ लागली तेव्हा झैद इब्न साबित यांच्या देखरेखीखाली एक प्रमाण संहिता तयार करून निरनिराळ्या शहरांत पाठवली गेली आणि बाकीच्या प्रती जाळून टाकण्याची आज्ञा झाली. अनेक साक्षी जपणे आणि एक पाठ जपणे या दोन वेगळ्या चिंता आहेत. पठणाचे काही मान्य भेद मुस्लिम परंपरेनेही जपले आहेत : आपल्याकडे हफ्स यांची वाचना चालते, तर मोरोक्कोत वर्श यांची.

शिवाय मुस्लिम विद्वानांना चिकित्सा नको होती असे कोणी म्हणू नये. माणसांच्या स्मरणातून आलेल्या मजकुराची, म्हणजे हदीसची (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या वृत्तान्तांची), चिकित्सा त्यांनी जगाला थक्क करील अशा काटेकोरपणे केली. कोणी कोणाकडून ऐकले, दोघांची भेट होणे शक्य होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, हे तपासल्याशिवाय इमाम बुखारी (810–870) यांनी एकही हदीस आपल्या संग्रहात घेतली नाही. ख्रिस्ती अभ्यासक शुभवर्तमानांना जे प्रश्न विचारतात, त्यांच्या जवळचे प्रश्न मुस्लिम परंपरेत हदीसला विचारले जातात. तुलनाच करायची तर ती इथे करावी.

प्रश्न : ख्रिस्ती धर्मात नुसता विश्वास ठेवला की तारण होते आणि इस्लाममध्ये मात्र आचरण लागते, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. हे बरोबर आहे का? आणि शंका आली तर या धर्मांत माणूस बाहेर पडतो का?
— एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : प्राध्यापकांनी बहुधा वेळेअभावी एका वाक्यात आटोपले असावे. दोन्ही धर्मांत श्रद्धा आणि आचरण यांच्या नात्यावर आतल्या आतच मोठे वाद झाले आहेत. पौलाने रोमकरांस लिहिले की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच नव्या करारात याकोबाचे पत्र आहे, आणि ते कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे असे म्हणते. ल्यूथरला याकोबाचे पत्र इतके खटकले की 1522 मध्ये त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले, पण नव्या करारातून ते काढून टाकले नाही. या प्रश्नावरून पश्चिमेचे ख्रिस्ती जग दुभंगले, आणि 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी या विषयावरील समान भूमिकेच्या घोषणेवर सह्या केल्या. साडेचारशेहून अधिक वर्षांनी का होईना, दोन भावंडे पुन्हा बोलू लागली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मुसलमानांतही इमाम अबू हनीफा यांच्या मते ईमान म्हणजे अंतःकरणाने मानणे आणि जिभेने कबूल करणे. आचरण आवश्यक आहे, पण ते ईमानाचा घटक नाही, म्हणून पाप करणारा मुसलमान मुसलमानच राहतो. इमाम शाफी यांच्या मते ईमानात कृतीही आली, आणि ते वाढते तसे घटतेही. आपल्या भागातील मुसलमान बहुतांशी हनफी आहेत आणि घाट उतरून कोकणात गेले की शाफी भेटतात. दोघेही एकाच रांगेत नमाजाला उभे राहतात.

खरा फरक याहून खोल आहे, आणि तो माणसाकडे पाहण्यात आहे. ख्रिस्ती शिकवणुकीनुसार माणूस पापात असा अडकला आहे की त्याला स्वतःच्या बळावर सुटता येत नाही. त्याला तारणारा हवा, आणि विश्वास म्हणजे त्या तारणाऱ्यावर भार टाकणे. म्हणून येशू कोण होते, ते क्रूसावर मेले का, पुन्हा उठले का, या प्रश्नांवर ख्रिस्ती धर्माचे सारे अवलंबून आहे. कुराणानुसार आदमकडून चूक झाली, त्याने पश्चात्ताप केला आणि अल्लाहने त्याला क्षमा केली. तो डाग वंशाला लागला नाही. माणूस दुबळा आहे, विसराळू आहे, त्याला वाट दाखवणारा ग्रंथ आणि आठवण देणारे पैगंबर हवेत. येशूंना क्रूसावर मारले गेले हे कुराण चौथ्या सुरेत नाकारते, आणि तरीही त्यांना मसीहा म्हणते, मरियमच्या नावाची एक अख्खी सुरा त्यात आहे. इतकी जवळीक आणि इतके अंतर एकाच ठिकाणी आहे, हे दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना नेहमीच जाणवले आहे. वरवरच्या ऐक्याच्या भाषणांत हे अंतर झाकले जाते, ते मला योग्य वाटत नाही. शेजाऱ्याचा धर्म आपल्या सोयीने पातळ करणे हा त्याचा आदर नव्हे.

शंकेविषयी आपण विचारले ते फार महत्त्वाचे आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूंना म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासात मला साहाय्य करा. आणि येशू त्याला न झिडकारता मुलाला बरे करतात. थोमा या शिष्याने जखमांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही असे म्हटले, तर त्याला त्या दाखवल्या गेल्या. कुराणाच्या दुसऱ्या सुरेत हजरत इब्राहीम विचारतात, प्रभो, तू मेलेल्यांना कसे जिवंत करतोस ते मला दाखव. तुझा विश्वास नाही का, असे विचारल्यावर ते म्हणतात, आहे, पण माझ्या मनाला स्वस्थता लाभावी म्हणून. त्यांनाही उत्तर मिळते. सहीह मुस्लिम या संग्रहात असेही आहे की काही अनुयायी पैगंबरांकडे येऊन म्हणाले, आमच्या मनात असे विचार येतात की ते उच्चारण्याचीही आम्हाला भीती वाटते; तेव्हा पैगंबरांनी सांगितले की हेच तर स्पष्ट ईमान आहे. भीती वाटते याचा अर्थ श्रद्धा जिवंत आहे, असे भाष्यकारांनी त्याचे विवरण केले आहे. तेव्हा शंका आली म्हणून कोणी आपोआप बाहेर पडत नाही. शंका घेणाऱ्याशी त्या त्या काळच्या समाजाने आणि सत्तेने कसे वर्तन केले हा इतिहासाचा वेगळा प्रश्न आहे, आणि तिथे दोन्हीकडे दुःखद पाने आहेत.

प्रश्न : दोन्ही ग्रंथ मराठीत वाचायचे आहेत. कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, कागल

उत्तर : पहिल्या पानापासून सुरुवात करू नका; दोन्हीकडे अर्ध्यातच थांबण्याचा संभव असतो. बायबलासाठी मार्कचे शुभवर्तमान घ्या, ते चौघांत सर्वांत लहान, सोळा अध्यायांचे आहे. त्यानंतर जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात 37 व्या अध्यायापासून शेवटपर्यंत योसेफाची कथा वाचा, आणि लगेच कुराणाची 12 वी सुरा वाचा, जी त्याच कथेची, हजरत यूसुफांची आहे. शेजारच्या मशिदीतील मौलानांना विचारल्यास ते चांगले मराठी किंवा उर्दू भाषांतर सुचवतील.

वाचताना योसेफाच्या बापाकडे, याकोबाकडे, लक्ष ठेवा. भावांनी रक्ताने माखलेला झगा आणून दाखवला, तेव्हा उत्पत्तीतील याकोब तो ओळखतो, हिंस्र पशूने माझ्या मुलाला खाल्ले असे म्हणून कपडे फाडतो आणि कोणाच्याही सांत्वनाने शांत होत नाही. तो फसलेला आहे आणि कथाकार त्याचे दुःख तसेच राहू देतो. कुराणातील याकूब त्याच क्षणी मुलांना म्हणतात की हे तुमच्या मनाने रचले आहे, आता सुंदर धैर्य धरणेच बरे. ते पैगंबर आहेत, त्यांना काही ठाऊक आहे. आणि सुरा संपता संपता, 102 व्या आयतीत, मुहम्मद पैगंबरांना उद्देशून म्हटले आहे की ही अदृष्टातील वार्ता आम्ही तुझ्याकडे पाठवीत आहोत. ते भाऊ कट शिजवीत होते तेव्हा तू त्यांच्यापाशी नव्हतास. उत्पत्तीच्या कथेत असे कोणी मध्येच बोलत नाही. या दोन निवेदनांतील फरक टिपून ठेवा आणि मगच पुढच्या सुरांकडे वळा.